नळापाशी वळलेली शीर

माणूस फार शिकला की त्याला पायाखालचं दिसेनासं होतं, असं आत्याचं ठाम मत होतं. हे मत तिने कुणाकडून उसनं आणलेलं नव्हतं. स्वतःच्या उंबऱ्यावर बसून, चहाचा कप हातात धरून, डोळ्यांनी बघून बनवलेलं होतं. चार महिने झाले, तिच्या दारासमोर एकापेक्षा एक शिकलेली माणसं गुडघ्यांवर रांगत होती. कुणी भिंग लावत होतं, कुणी छोट्या ब्रशाने माती झाडत होतं, कुणी मोजपट्टी धरून उगाच मान हलवत होतं. आत्या वर्षानुवर्षं जो चुरा चपलेखाली तुडवत आली होती, तो ही मंडळी कापसात गुंडाळून डबीत ठेवत होती.

गल्ली म्हणजे किती, तर बारा घरं. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा, मधे हातगाडी जाईल एवढी वाट. ही वाट सरळ येते, सार्वजनिक नळापाशी काटकोनात वळते आणि आत्याच्या उंबऱ्याशी संपते. पुढे टेकडीचा उतार. आत्याचं घर शेवटचं, दोन खोल्यांचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, त्यामुळे ती एकटीच राहायची. गल्लीत तिचं सख्खं कुणीच नव्हतं. पण तिचा भाचा सुट्टीला यायचा आणि 'आत्या, आत्या' करत गल्ली डोक्यावर घ्यायचा, तेव्हापासून ती सगळ्यांचीच आत्या झाली. तिच्याहून मोठ्या बायकाही तिला आत्याच म्हणत.

तर झालं असं, की नळाचा सडलेला पाइप बदलायचा म्हणून गल्लीत हातभर खोल चर खणला. वरचा मातीचा थर निघाला आणि खाली लालभडक, नारिंगी, कुठे मधासारखे पिवळे, चकाकणारे खडे लागले. खणणाऱ्यांनी ते फावड्याने बाजूला सारले, कारण त्यांना पाइप टाकून घरी जायचं होतं. नेमका त्या रविवारी भाचा आलेला. आता हा भाचा म्हणजे लहान पोर नव्हे. पस्तिशीला टेकलेला, जाड भिंगांचा चष्मा लागलेला, मोठ्या शहरातल्या विद्यापीठात खनिजांच्या प्रयोगशाळेत सहायक. त्याने एक खडा उचलला, तळहातावर तोलला आणि त्याचा चेहराच पालटला. हातातला कप पायरीवर ठेवून तो खडे पिशवीत भरायला लागला.

"अरे, चहा गार होतोय," आत्या म्हणाली. "दगड काही उठून पळत नाहीत."

त्याने ऐकलंसुद्धा नाही. आठ दिवसांनी तो त्याच्या प्राध्यापकांना घेऊन हजर झाला.

प्राध्यापक ही काय चीज होती म्हणून सांगू. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, कमरेच्या पट्ट्यात खोचलेली हातोडी. आत्याची नजर सगळ्यात आधी त्या हातोडीवर गेली. हातोडीच्या तोंडावर एक ओरखडा नव्हता. या बाबाने त्या हातोडीने कधी नारळाएवढंही काही फोडलेलं नाही, हे तिने तिथल्या तिथे ओळखलं आणि नाक मुरडलं.

प्राध्यापकांनी नळाशेजारच्या कट्ट्यावर उभं राहून गल्लीला व्याख्यान दिलं. बायका पाण्याच्या रांगेत होत्या, त्यामुळे श्रोते आयतेच मिळाले. "या खनिजाचं नाव झिंकाइट," ते म्हणाले. "यात जस्त आणि ऑक्सिजन, मुख्य म्हणजे एवढंच. ऐकायला सोपं आहे, पण निसर्ग हे क्वचित बनवतो. जस्ताला निसर्गात गंधकाची संगत आवडते, नुसत्या ऑक्सिजनबरोबर ते असं स्फटिक होऊन बसत नाही. साऱ्या जगात नाव घेण्याजोगी एकच खाण होती, तीही केव्हाच बंद पडली. बाकी कुठे मिळालं तर चिमूटभर. मी चाळीस वर्षं शिकवतोय, आणि आजवर हे फक्त कपाटात बघितलं होतं."

मग त्यांनी गुण दाखवले. खिशातल्या चाकूने खड्यावर ओरखडा काढला, म्हणजे हा फार कठीण नाही. खरबरीत पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर खडा घासला, तर नारिंगी-पिवळी रेघ उमटली. खडा सगळ्यांच्या हातात फिरवला. दिसतो बोरासारखा, भरतो केवढा, पाण्याच्या साडेपाचपटीहून जड. बायकांनी 'हो का' म्हणत माना डोलावल्या. वीस वर्षं ज्या दगडाच्या ओझ्याने ज्यांच्या टाळूचे केस गेले होते, त्या बायकांना हा गृहस्थ दगडाचं वजन समजावून सांगत होता.

आत्याला राहवेना. "लिंबू पिळून ठेवा त्याच्यावर," ती म्हणाली. "सकाळपर्यंत सगळी चमक उतरते."

प्राध्यापक थबकले. "बाई, याच्यावर आम्लाचा परिणाम होतो हे तुम्हाला कसं ठाऊक?"

भाचाही तिच्याकडे बघायला लागला. आत्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पदर खोचला. "भांडी घासते मी," ती म्हणाली, आणि घरात निघून गेली. पाठीमागे गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, पण बोललं कुणी नाही. त्याचं कारण पुढे येईल.

दोन महिन्यांत गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली. संरक्षित क्षेत्र, दगड उचलण्यास मनाई. पाटीवर नकाशा रंगवलेला. आणि पाटीपाठोपाठ बारा घरांत बारा कागद आले. खनिजाची शीर घरांखालूनही गेली असण्याची शक्यता आहे, सबब घरं रिकामी करावीत, रहिवाशांना शहराच्या पलीकडच्या टोकाला चौथ्या मजल्यावर खोल्या मिळतील. फक्त एक पाहणी व्हायची राहिली होती. पाहणीला येणाऱ्या समितीने सही केली, की महिन्याभरात गल्ली उकरायला घेणार.

आत्या कागद घेऊन त्या नकाशासमोर उभी राहिली. नकाशावर लाल रंगात शीर काढली होती. शेजारी प्राध्यापक कुणातरी पाहुण्याला समजावत होते. "शीर इथून चाळीस पावलं सरळ जाते. मग या ठिकाणी जमिनीतल्या जुन्या भेगेमुळे एकदम काटकोनात वळते. आणि या शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी लुप्त होते. का लुप्त होते, हे गूढ आहे."

गूढ कसलं आलंय डोंबलाचं. शीर नळापाशी वळत होती, कारण गल्ली नळापाशी वळत होती. आणि आत्याच्या उंबऱ्याशी लुप्त होत होती, कारण तिथवर येऊन बायकांची घमेली संपली होती. चांगला हातगाडीएवढा रुंद, दोन्ही कडांनी सरळ, घरांच्या जोत्यांना समांतर असा रस्ता नकाशात काढून बसले, आणि एकाच्याही डोक्यात येऊ नये की हा रस्ता आहे. आत्याला हसू आलं, आणि हातातल्या कागदाकडे बघून ते जिथल्या तिथे विरलं.

आता खरं काय ते सांगायला हवं. टेकडीच्या पलीकडे, जिथे हल्ली गोदामं आहेत, तिथे अठरा वर्षांपूर्वीपर्यंत जस्ताचा कारखाना होता. जस्ताचा कच्चा दगड लांबून, रेल्वेच्या डब्यांतून यायचा. प्राध्यापकांनी कारखान्याचं जुनं कागदपत्र बघितलं होतं, नाही असं नाही, पण त्यातून अक्कल चालवून काढलं काय, तर कारखाना इथे होता म्हणजे खनिज इथलंच असणार. दुधाची डेअरी दिसली की तिच्या तळघरात म्हैस शोधणाऱ्यांतला हा गृहस्थ.

कारखान्यात जस्ताची पांढरी बुकी व्हायची, रंगात आणि मलमात घालायची. भट्टीत जस्ताची वाफ उठायची, हवा लागताच हिरवट-निळी पेटायची आणि तिचा पांढरा धूर व्हायचा. तो धूर भट्टीपासून धुराड्यापर्यंत एका विटांच्या बोगद्यातून खेचला जायचा. कामगार त्याला भुयार म्हणत. बुकी पुढे पिशव्यांत जमायची. पण भट्टीजवळ, विटांच्या सांध्यांत, जिथे महिनोन्महिने धग मुरून राहायची, तिथे वाफेची बुकी होत नसे. तिथे खडे धरायचे. लाल, पिवळे, बोटाएवढे लांब, वर निमुळते. साचत साचत भुयाराचं तोंड आवळायचे. वर्षातून दोनदा भट्टी गार करायची, आणि आठ दिवसांत ती सगळी साय भिंतीवरून उतरवायची. तिला नाव होतं खपली.

आत्याचा नवरा खपली काढायचा. तो गेला, तेव्हा आत्याने त्याची छिन्नी उचलली. तेवीस वर्षं ती भुयारात उतरली, आणि एरवी कारखान्यातच बुकीच्या पिशव्या भरायची. वाकून चालायचं, तोंडाला ओलं फडकं बांधायचं, छिन्नी नेमकी कुठे धरली की खपली सपाट पापुद्र्याने सुटते हे हाताला समजायचं. अंगाखाली वीट अजून गरम असायची. बुकी गरम असेपर्यंत पिवळी दिसते आणि गार झाली की पांढरी पडते, त्यामुळे समोरच्या भिंतीचा पिवळेपणा बघून अजून किती आत जाता येईल ते ती सांगायची. तिच्या शब्दावर बाप्ये माणसं पाऊल पुढे टाकायची. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी हुडहुडी भरून ताप यायचा, सगळ्यांनाच यायचा, आणि मंगळवारी उतरायचा. भुवया, पापण्या, नाकपुड्या पांढऱ्या. गल्लीतल्या बाकी बायका खपलीची घमेली डोक्यावरून बाहेर वाहायच्या.

तेव्हा गल्लीत घोट्याएवढा चिखल असे. बायकांनीच डोकं लढवलं. खपली नाहीतरी फेकूनच द्यायची, मग जाताना एकेक घमेलं गल्लीतच आणून टाकायला काय हरकत आहे? दोन वर्षं त्यांनी ती पसरली आणि धुमसाने चोपून बसवली. खपली अनवाणी पायांना कापायची, म्हणून वर माती टाकली. चिखल गेला तो गेला. नकाशावरची ती जगातली दुर्मिळ शीर बारा घरच्या बायकांनी सांडपाण्याला कंटाळून घातलेली होती.

मग आत्याने हे सरळ सांगून का नाही टाकलं? इथे तिची गाडी अडत होती.

भाच्याची आई तो सहा वर्षांचा असताना गेली. बाप, म्हणजे आत्याचा भाऊ, ट्रकवर क्लीनर. पोर वसतिगृहात राहायचं आणि सुट्टीला आत्याकडे यायचं. पहिल्याच सुट्टीत रडत आलं. वसतिगृहातली मुलं त्याला 'क्लीनर, क्लीनर' म्हणून चिडवत होती. त्याने आत्याला विचारलं, "तू काय करतेस?" आत्या नुकतीच न्हाऊन, भुवया घासून बसली होती. तिने त्या पोराच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "ऑफिसात असते. हजेरी लिहिते." दुसऱ्या दिवशी तिने एक पेन आणून फळीवर ठेवलं. त्या पेनाने कधी एक अक्षर लिहिलं गेलं नाही, शाई आतच वाळली. आणि नळावर उभं राहून तिने अख्ख्या गल्लीला शपथ घातली, की पोरासमोर कुणी भुयाराचं नाव काढायचं नाही. भट्टी गार होण्याचे दिवस शाळेच्या दिवसांत यायचे, म्हणून निभावलं. बायकांनी ती शपथ इतकी इमानाने पाळली, की पोराचं नाव झालं, चष्मा लागला, कारखाना पडला, तरी एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

म्हणजे एकीकडे घर, आणि दुसरीकडे सत्तावीस वर्षांचं खोटं. आत्याला भुयाराची लाज नव्हती, कधीच नव्हती. लाज होती ती त्या वाळलेल्या पेनाची.

तरी तिने एकदा प्रयत्न केला. पाहणीच्या आदल्या आठवड्यात भाचा कागद चाळत तिच्याकडे बसला होता. पाहणी पार पडली की त्याला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार, असं प्राध्यापकांनी कबूल केलं होतं. त्याच्या पायाशी, मधल्या दाराला अडसर म्हणून ठेवलेला तो मोठा लाल गोळा होता, कलिंगडाएवढा, काट्यांसारखे खडे वर आलेले. लहानपणापासून त्याचा आवडता, आणि इतका सवयीचा, की चर खणेपर्यंत तो तपासून बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. फरशीला चरे पडू नयेत म्हणून आत्याने त्याच्या बुडाला गोधडीचं जाड टोपडं शिवून बसवलं होतं.

"मी म्हणते," आत्याने सुरुवात केली, "हे सगळं कारखान्याच्या धुराड्यातलं असलं तर?"

भाचा हसला. "कोण म्हणालं?"

आत्याच्या जिभेवर उत्तर होतं. ते तिथेच थांबलं. "ऐकलंय," ती म्हणाली.

"आत्या, ऐकीव गोष्टींवर शास्त्र चालत नाही. आम्ही यंत्रावर तपासलंय. शंभर टक्के झिंकाइट. तू हजेरी लिहिलीस, तुझं काम तू चोख केलंस. यातलं तुला नाही कळायचं. आणि घराची काळजी करू नकोस, मी तुला माझ्याकडेच नेणार आहे."

तुला नाही कळायचं. हे वाक्य आत्याने गिळलं, पण ते खाली उतरेना. त्याचं यंत्र खोटं नव्हतं, हे तिलाही समजत होतं. खडा जो होता तो तोच होता. यंत्राला दगड काय आहे ते कळतं, दगड कुणी आणून टाकला ते कसं कळणार? त्यासाठी गल्लीत कुणाला तरी विचारावं लागतं. चार महिन्यांत एकाही शहाण्याने नळावरच्या एकाही बाईला विचारलं नव्हतं. पाणी मात्र सगळ्यांनी मागून प्यायलं.

पाहणीच्या दिवशी सकाळी दहाला दोन अधिकारी आणि बाहेरगावाहून बोलावलेल्या एक तपासनीस बाई आल्या. अधिकारी सावलीत उभे राहिले. बाई मात्र चरात उतरल्या. साधी सुती साडी, हातात चेपलेली पत्र्याची पेटी. त्यांची हातोडी आत्याने मुद्दाम बघितली. तोंड झिजून गोल झालेलं होतं. आत्या उंबऱ्यावरून उठली आणि जरा पुढे येऊन उभी राहिली.

बाईंनी काळं कापड डोक्यावरून घेऊन एक छोटा दिवा खड्यांवर धरला. बराच वेळ बघितलं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "खऱ्या खाणीतला झिंकाइट कधी एकटा येत नाही. त्याच्या सोबतीला एक काळं खनिज असतं आणि एक फिकं, जे या दिव्याखाली हिरवं पेटतं. आजूबाजूला संगमरवरासारखा पांढरा दगड असतो. इथे यातलं काहीच नाही. खाली नुसती चिकणमाती आहे. आणि खाणीतला खडा मँगेनीजमुळे लाल होतो, बहुतेक अपारदर्शक असतो. हे तर काचेसारखे आरपार आहेत."

"तेच तर याचं वेगळेपण," प्राध्यापक म्हणाले. या माणसाला तुम्ही विहिरीत ढकललं असतं, तरी खालून त्याने पाण्याचं वेगळेपण सांगितलं असतं.

"असेल," बाई म्हणाल्या. "पण हे जमिनीतलंच आहे, बाहेरून आलेलं नाही, याला तुमचा पहिला पुरावा काय?"

प्राध्यापकांनी भाच्याकडे बोट केलं. भाच्याने मासिकात छापून आलेला आपला निबंध उघडला आणि वाचायला लागला. आवाज मोठा, स्पष्ट, पाठ झालेला. "खनिजाचं मूळ. या ठिकाणी चाळीसहून जास्त वर्षं राहणाऱ्या आणि कारखान्याच्या कचेरीत नोकरी केलेल्या एका विश्वासू महिलेने प्रस्तुत लेखकाला लहानपणीच सांगितलं होतं, की हा दगड इथल्या जमिनीतून निघतो. सदर महिलेचा शब्द लेखकाने आजवर कधीही खोटा ठरलेला पाहिलेला नाही."

ती महिला म्हणजे आत्याच. तिला आठवलं. पोरगं आठ वर्षांचं, त्या लाल गोळ्यावर हात फिरवत बसलेलं, 'आत्या, हा कुठून येतो?' आणि ती ओले कपडे पिळत, पाठ न वळवता म्हणालेली, 'जमिनीतून निघतो. गप अभ्यास कर.' झालं. त्यापुढे तिने त्या गोष्टीचा विचारही केला नव्हता. चार महिने ती प्राध्यापकांच्या अकलेचे वाभाडे काढत बसली होती. त्यांची टोपी, त्यांची हातोडी, त्यांचा नकाशा. आणि त्या सगळ्या मूर्खपणाच्या बुडाशी तिचंच वाक्य होतं. गल्लीत कुणाला विचारलं नाही म्हणून ती ज्यांना नावं ठेवत होती, त्यांतल्या एकाने विचारलं होतं. तिलाच विचारलं होतं, आणि तिने थाप मारली होती.

"ही महिला कोण?" तपासनीस बाईंनी विचारलं.

भाच्याने वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सरळ सरळ अभिमान होता. तो बघून आत्या रडायच्या बेतात आली, आणि रडू यायला लागलं की तिला नेहमी राग यायचा.

"मी," ती म्हणाली. "आणि मी खोटं सांगितलं होतं."

कुणी काही बोलायच्या आत ती घरात गेली. दाराचा गोळा दोन्ही हातांनी उचलून, पोटाशी धरून, पाठ न वाकवता बाहेर घेऊन आली. एक अधिकारी मदतीला पुढे झाला, त्याला तिने मानेनेच बाजूला केलं. गोळा पायरीवर उलटा ठेवला, कात्री घेतली आणि गोधडीचं टोपडं टराटरा कापलं. बुडाला एक अख्खी वीट चिकटलेली होती. भट्टीची पिवळट वीट, धगीने एका अंगाला काचेसारखी झालेली, आणि तिच्यावर साच्याचा नंबर चांगला वाचता येण्यासारखा.

"ही घ्या तुमची जमीन," आत्या म्हणाली. "भुयाराची वीट आहे. भट्टीपासून तिसऱ्या टप्प्यावर, डाव्या हाताची भिंत. मी स्वतः छिन्नीने काढलीय. तेवीस वर्षं खपली काढली मी. हजेरी लिहिणारा दुसराच होता, मी नुसता अंगठा उठवून शेजारचा माझा नंबर बघायची. या गल्लीत जे लाल आहे ते मी फोडलंय आणि ह्या बायकांनी वाहिलंय. चिखल होता म्हणून टाकलं."

मग नळावरच्या बायकांची तोंडं एकदम सुटली. सत्तावीस वर्षांचा बांध तो. कुणी टाळूवरची केस गेलेली चकती दाखवली, कुणी धुमस अजून माळ्यावर आहे म्हणून आणायला धावली. तपासनीस बाईंनी विटेवर हात फिरवला, खडे विटेत कसे रुजलेत ते भिंगातून बघितलं आणि हातातला सहीचा कागद घडी घालून पेटीत ठेवला. "गल्लीला हात लावायचं कारण नाही," त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या. मग आत्याजवळ येऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, किती गरम विटेला असे खडे धरतात, आणि आत्याने सांगितलेलं सगळं लिहून घेतलं. प्राध्यापक तोवर दुसऱ्या अधिकाऱ्याला सांगत होते, की त्यांना सुरुवातीपासूनच शंका होती, पण सहायकाचा उत्साह मोडवेना.

भाचा निबंध हातात धरून उभा होता. मग त्याने आत्याकडे पाठ केली. गाडीत बसला आणि गेला.

गल्ली वाचली. पाटी उखडली, चर बुजला, पाइपला पुन्हा गळती लागली. बायका आत्याला डोक्यावर घ्यायला निघाल्या, तर ती एकेकीच्या अंगावर खेकसली. सहा आठवडे भाच्याचा पत्ता नव्हता. त्याची प्रयोगशाळा हुकली, हे कुणाकडून तरी समजलं. आत्या रोज उंबऱ्यावर बसायची, चहा करायची, आणि समोर कुणी रांगत नाही म्हणून स्वतःलाच नावं ठेवायची. घर राहिलं होतं, आणि त्यात बसवेना.

सातव्या रविवारी तो आला. वाळला होता. बसला नाही. उघडा पडलेला लाल गोळा अजून पायरीवरच होता, त्याच्याशी जाऊन उभा राहिला, मग वाकून उचलायला गेला. चष्मा घसरला, मानेची शीर ताणली, गोळा वीतभर उठला आणि पुन्हा खाली बसला.

"एका घमेल्यात असे किती?" त्याने विचारलं.

"दोन. बाकी चुरा," आत्या म्हणाली. "कंबरेतून उचलू नको, गुडघ्यातून उचल. एवढं शिकून तेही येत नाही."

तो पायरीवर बसला. तिच्या हातांकडे एकदा बघितलं. मग पिशवीतून कागद काढला. मासिकात दुरुस्ती छापायची होती, मूळ निबंधातली चूक मान्य करणारी, आणि ती प्राध्यापक लिहिणार नव्हते, त्यालाच लिहायची होती. माहिती जिने दिली, तिचं नाव त्याने वर आधीच लिहिलं होतं. पुढची जागा रिकामी होती.

"इथे काम लिहायचं असतं," तो म्हणाला. "काय लिहू?"

सवयीने आत्याची नजर फळीवरच्या पेनाकडे गेली. तिने ती परत आणली.

"खपली काढायची, म्हणून लिही," ती म्हणाली. "भुयारात, तेवीस वर्षं. आणि आधी चहा घे, खडे निघाले त्या दिवशीचा तसाच टाकून गेलास."